एका गळ्याचीं तीन मुखें

भाद्रपदांत अनंत चतुर्दशीस जालन्याच्या रस्त्यांतून मिरवणुका निघूं लागल्या, म्हणजे घरांतील वडीलधारी मंडळी खिडक्या लावून घेतात व मुलें गच्चीवर धांव घेतात. तावदानें थरथरतात, फडताळांतील पेले एकमेकांस लागून आपण होऊन वाजूं लागतात, आणि आवाज कानांवाटे न येतां छातीवाटे आंत शिरत आहे असा भास होतो. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं घालून दिलेली आहे. ती त्या दिवशीं कितपत पाळली जाते हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याविषयीं येथें तक्रार करावयाची नाहीं. सांगावयाचें आहे तें निराळें.

त्या गाडीकडे एकदां शांतपणें पाहावें. तळाशीं प्रचंड पेट्या, त्यांवर मध्यम आकाराच्या, आणि सर्वांत वर कर्ण्यासारख्या तोंडाच्या लहान पेट्या. या प्रत्येक जातीच्या पेट्यांस शक्ति पुरविणारा अँप्लिफायर निराळा असतो, व त्या सर्व अँप्लिफायरांच्या आधीं एक लहानशी चपटी पेटी असते. गाणें प्रथम त्या पेटींत जातें, तेथें त्याचे जाड, मध्यम व बारीक असे भाग पडतात, आणि मग प्रत्येक भाग आपापल्या वाटेनें वाढविला जातो. साउंडवाले या पेटीस क्रॉसओव्हर म्हणतात. ज्या गोंगाटास आपण कंटाळतों त्याच्या मागील ही योजना आपल्या दिवाणखान्यांतील पॉलिश केलेल्या स्पीकरांतील योजनेपेक्षां तत्त्वतः सरस आहे, असें म्हटलें तर कित्येकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. तीच योजना घरांत पडून असलेल्या जुन्या संगणकाकडून, शेजाऱ्यांची झोंप न मोडतां, करून घेतां येते. मात्र तसें करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं विचार करण्याजोग्या कांहीं गोष्टी आहेत. त्यांकडे पुढें येऊं.

मुळांत एका पेटींत दोनतीन स्पीकर लागतातच कशाला? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकूं येतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४० मीटर धरला, तर ४० कंपांच्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर लांब होते, म्हणजे बहुतेक दिवाणखान्यांत ती मावणारहि नाहीं. उलट १०,००० कंपांच्या ध्वनीची लाट साडेतीन सेंटिमीटरहूनहि किंचित् आंखूड असते. पहिलीसाठीं पुष्कळ हवा ढकलणारा रुंद पडदा हवा, दुसरीसाठीं नखाएवढा हलका घुमट हवा. अमेरिकेंत राइस व केलॉग या इंजिनियरांनीं १९२५ मध्यें हलत्या वेटोळ्याचा स्पीकर जगापुढें मांडला, त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. तरी डग्ग्याचा घुमार व घुंगरांचा किणकिणाट हीं दोन्ही सारख्याच उत्तम रीतीनें काढणारा एकच पडदा अद्यापि कोणास साधलेला नाहीं. म्हणून जाडासाठीं वूफर, बारीकासाठीं ट्वीटर, आणि मोठ्या पेट्यांतून या दोहोंच्या मध्यें आणखी एक.

आतां ही वाटणी करावयाची कोणीं? बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक स्पीकरांत ती पेटीच्या पोटांत बसविलेलीं तांब्याच्या तारेचीं वेटोळीं व कंडेन्सर करतात. अँप्लिफायरनें सगळें गाणें एकत्रच वाढवून पाठवावयाचें. मग वाटेंत वेटोळ्यानें बारीक आवाज अडवावयाचा व कंडेन्सरनें जाड अडवावयाचा. सर्व कुटुंबाचा स्वयंपाक एकाच पातेल्यांत शिजवावा, आणि पानावर वाढतांना कोणाचें अळणी, कोणाचें तिखट, कोणाचें मधुमेहाचें पथ्य तें वेंचून काढूं पाहावें, त्यांतलाच हा प्रकार. चांगले कारागीर हें काम फार कौशल्यानें करतात, व या रीतीचे उत्तम स्पीकर जगांत पुष्कळ आहेत. तथापि अडचणी स्पष्ट आहेत. वेटोळें कांहीं शक्ति उष्णतेंत घालवितें. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेलें असलें तरी त्याचा विरोध प्रत्येक स्वराला बदलतो, कोठें सहा तर कोठें तीस भरतो, आणि त्यामुळें वेटोळ्या-कंडेन्सरांचा कागदावरचा हिशेब प्रत्यक्षांत ढळतो. ट्वीटर थोडा मोठ्यानें बोलत असेल तर त्याच्या वाटेंत रोध घालून शक्ति फुकट जाळावी लागते. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं, एखाद्या भागास क्षणाच्या अंशापुरतें थांबवून धरण्याची सोय या रीतींत जवळजवळ नाहींच. ती सोय कां हवी, हें कळण्यासाठीं मनुष्याच्या गळ्याकडे वळलें पाहिजे.

आपल्या घरांतून ऐकलें जातें तें बहुतेक गाणें, भजन, कीर्तन, नाट्यपदें आणि बातम्या; म्हणजे पर्यायानें मनुष्याचा कंठ. साध्या दोन मुखांच्या स्पीकरांत वूफरचें काम संपून ट्वीटरचें सुरू होतें तो सांधा बहुधा २,००० ते ३,५०० कंपांच्या आसपास असतो. दुर्दैवानें कानाची जाणीव अतिशय तीक्ष्ण असते तीहि याच प्रदेशांत, आणि स, श, च, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते तीहि येथेंच व याच्या वर. म्हणजे गायिकेच्या एकाच शब्दांतील स्वर एका मुखांतून निघतो व व्यंजन दुसऱ्या मुखांतून. ३,००० कंपांच्या ध्वनीची लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरांची. वूफरचें वेटोळें पेटींत खोल बसलेलें, ट्वीटरचा घुमट तोंडाशीं. तेवढ्या तीन सेंटिमीटरांच्या अंतरानेंहि दोघांचें पाऊल चुकतें. मग कांहीं स्वर दुप्पट होतात, कांहीं एकमेकांस मारतात, व आरामखुर्चींत बसून नीट ऐकूं येणारें गाणें उभें राहिल्याबरोबर पोकळ वाटूं लागतें. आपण दोष ध्वनिमुद्रणास देतों, किंवा स्वतःच्या कानांस.

या सांध्याची परीक्षा घेण्यास तंबोऱ्यासारखें साधन नाहीं, असें आमचें मत आहे. अंबडास दत्तजयंतीच्या निमित्तानें शास्त्रीय संगीताचा उत्सव होत आलेला आहे. अशा जिल्ह्यांत तंबोऱ्याची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. पांढरी एक या पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा सेकंदाला सुमारें १३० वेळां कंप पावतात, व खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें. परंतु घोडीच्या रुंद पृष्ठभागामुळें व तारेखालीं सारलेल्या सुतामुळें त्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीं कंपनें एकावर एक चढत कित्येक हजारांपर्यंत जाऊन पोंचतात. हीच जवारी. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ मध्यें भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधांत या घोडीची मीमांसा केली होती. तत्पूर्वीं १९२० मध्यें त्यांनीं व त्यांच्या एका सहकाऱ्यानें मृदंग-तबल्याच्या शाईमुळें चामड्यांतूनहि सुरेल उपस्वर कसे निघतात हें 'नेचर' या विलायती पत्रांतून दाखविलें होतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, तंबोऱ्याचा नाद खालपासून वरपर्यंत एकसंध असतो. स्पीकरचा सांधा बिघडलेला असला कीं तार एका जागीं वाजते आणि जवारी तिच्यापासून सुटून वर कोठें तरी चमचमते. ज्यांनीं खरा तंबोरा मांडीवर घेतला आहे त्यांस हें फार लवकर ऐकूं येतें. महागड्या यंत्रांस तें शिकवावें लागतें.

सांध्यावर दोन्ही मुखांचें पाऊल जुळविण्याची एक सुबक रीत सीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं १९७६ मध्यें अमेरिकेंतील ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. ते व रस रिले हे ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनींत सहकारी होते, म्हणून तिला दोघांचेंहि नांव पडलें. तिचें मर्म असें कीं, सांध्याच्या ठिकाणीं प्रत्येक मुखानें बरोबर निम्मा ध्वनिदाब द्यावयाचा व दोघांनीं एकाच पावलानें चालावयाचें, म्हणजे बेरीज पूर्ण होते. आणि सांध्यापासून एक सप्तक दूर गेलें कीं त्या मुखाचा आवाज सुमारें सतराव्या हिश्श्यावर यावयाचा, दोन सप्तकें दूर गेलें कीं अडीचशेंव्या हिश्श्याच्याहि खालीं. इतकी तीव्र उतरण वेटोळीं-कंडेन्सरांनीं साधणें कष्टाचें व खर्चाचें असतें. अँप्लिफायरच्या आधीं, जेथें वीज अगदीं दुबळी असते तेथें, ती सुलभ होते. आणि संगणकांत तर वीजच नसते म्हटलें तरी चालेल; तेथें असतात नुसते आंकडे.

सीडीवर गाण्याच्या प्रत्येक बाजूसाठीं सेकंदाला ४४,१०० आंकडे लिहिलेले असतात. शेजारशेजारच्या आंकड्यांची सरासरी काढली तर बारीक चढउतार पुसले जाऊन जाड आवाज उरतो. त्यांची वजाबाकी केली तर जाड नाहींसा होऊन बारीक उरतो. सगळ्या संगणकी गाळण्या म्हणजे या दोन क्रियांचाच पद्धतशीर विस्तार होय. आणि थांबवून धरणें तर येथें पोरखेळ आहे. सेकंदाला ४८,००० आंकडे चालत असतील, तर एका आंकड्याच्या अवधींत ध्वनि हवेंत सुमारें सात मिलिमीटर जातो. ट्वीटरचे आंकडे चार घरें मागें सरकविले कीं तो घुमट जणूं तीन सेंटिमीटर मागें जाऊन वूफरच्या शेजारीं बसला. सुतारास बोलवावें लागत नाहीं.

हे आंकडे पुन्हां विजेच्या रूपांत बाहेर काढणारा संगणकाचा भाग म्हणजे साउंड कार्ड. नेहमींच्या कार्डांतून डावी व उजवी अशा दोनच वाटा निघतात. आपणांस दोन मुखांच्या जोडीसाठीं चार व तीन मुखांच्या जोडीसाठीं सहा वाटा हव्यात. पुष्कळ घरांतील टेबलावरच्या जुन्या संगणकाच्या पाठीस हिरवें, काळें, नारिंगी व करडें अशीं लहान भोंकें असतात, तीं यासाठींच उपयोगी पडतात. कारखानदारांनीं तीं घरबसल्या सिनेमा पाहतांना पुढचा, मागचा, मधला व बाजूचा आवाज निराळा काढण्यासाठीं दिलेलीं असतात. आपण हिरव्यांतून दोन्ही बाजूंचा बारीक, काळ्यांतून मध्यम व नारिंगींतून जाड आवाज काढावयाचा. नारिंगी भोंकाविषयीं मात्र एक सावधगिरी हवी. सिनेमाच्या हिशेबानें तें मधल्या व घुमाराच्या स्पीकरचें असल्यामुळें संगणक तेथें स्वतःचीच कांहीं ढवळाढवळ करून ठेवतो. ती सोय आधीं बंद करावी. प्रयोगापुरतें हें कार्ड पुरे आहे. कायमचें करावयाचें तर आठ किंवा अधिक वाटांचें, यूएसबीनें जोडावयाचें बाहेरचें कार्ड घ्यावें. फोकसराइट, बेहरिंगर, मोटू या कंपन्यांचीं अशीं कार्डें मिळतात. त्यांची कुजबुज कमी असते, व त्यांस आंत येणाऱ्या वाटाहि असल्यामुळें रेडिओ, दूरदर्शन संच किंवा जुना रेकॉर्ड-प्लेअर जोडतां येतो.

दोन स्वस्त कार्डें घेऊन चार वाटा करण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो आवरावा. प्रत्येक कार्डाच्या पोटांत स्वतःचें घड्याळ असतें, व कोणतीं दोन घड्याळें अगदीं सारखीं चालत नाहींत. दोहोंत दहा लाखांत पन्नास इतकाच फरक असला, तरी तासाभरांत वूफर व ट्वीटर यांच्यामध्यें जवळजवळ पांचवा हिस्सा सेकंदाचें अंतर पडतें. जेथें चार आंकड्यांसाठीं आपण इतके कष्ट घेतले, तेथें हें म्हणजे एकानें सम गांठावी व दुसऱ्यानें अजून मुखडाच घेत असावें, तसें होईल.

गाळण्यांचें काम करणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात, ही या काळाची मोठीच कृपा म्हणावयाची. अँडर्स टॉर्गर यांचा ब्रूटएफआयआर व हेन्रिक एन्क्विस्ट यांचा कॅमिलाडीएसपी हे दोन लिनक्सवर चालतात (दुसरा इतरत्रहि चालतो), आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ नांवाचा कार्यक्रम हेंच काम करतो. मोजमापासाठीं जॉन मल्काही यांचा आरईडब्ल्यू हा कार्यक्रम व एक मोजमापाचा मायक्रोफोन लागतो. हा मायक्रोफोन गाण्याच्या मायक्रोफोनाहून निराळा असतो, व प्रत्येक नगाच्या क्रमांकाबरोबर त्याच्या गुणदोषांचा तक्ता मिळतो तो घ्यावा. कानानेंच सर्व कांहीं जुळवूं, मायक्रोफोन कशाला, असें म्हणणारे भेटतात. कान हा उत्तम परीक्षक आहे, पण वाईट गवंडी आहे.

कामाची रीत थोडक्यांत सांगावयाची तर अशी. आधीं एकेक मुख स्वतंत्र वाजवून मोजावयाचें. संगणक खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत एक अखंड मींड काढतो, मायक्रोफोन ती ऐकतो, व कोठें किती आवाज आला याचा आलेख पडद्यावर उमटतो. ट्वीटरची मींड मात्र त्याच्या प्रदेशापुरतीच, व हळू आवाजांत. मग सर्व मुखांची पातळी सारखी करावयाची, सांधे घालावयाचे, व थांबविण्याचे आंकडे ठरवावयाचे. ते बरोबर ठरले कीं नाहीं हें पाहण्याची एक युक्ति फार गमतीची आहे: दोहोंपैकीं एका मुखाची दिशा मुद्दाम उलटी करावयाची. पावलें खरोखर जुळलेलीं असतील तर सांध्याच्या ठिकाणीं दोघें एकमेकांस जवळजवळ संपूर्ण मारतात व आलेखांत विहिरीसारखा खोल खड्डा पडतो. खड्डा जितका खोल, तितकी जुळणी उत्तम. मग दिशा सुलट करावी. खड्डा बुजून तेथें सपाट रस्ता होतो. हें पाहण्यास घरांतील मुलांना अवश्य बोलवावें.

त्यानंतर खोलीचा प्रश्न उरतो, व येथें उत्साही मंडळी फार धांवतात. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत काय किंवा नव्या सिमेंटच्या घरांत काय, सुमारें दोनतीनशें कंपांच्या खालीं स्पीकरपेक्षां खोलीचेंच राज्य असतें. कांहीं खालचे स्वर कोपऱ्यांत सांचून फुगतात, कांहीं बसण्याच्या जागेवर नाहींसे होतात. फुगलेला स्वर गाळणीनें दाबावा. नाहींसा झालेला भरून काढण्याच्या भरीस पडूं नये. तो परावर्तित लाटांनीं मारलेला असतो. दुप्पट पाठविला तर मारणाऱ्या लाटाहि दुप्पट होतात, व वूफरवर मात्र व्यर्थ ओझें पडतें. बसण्याची जागा किंवा पेटी हातभर सरकविणें हाच त्यावर उपाय.

अँप्लिफायर आतां दोनाऐवजीं सहा लागणार, हें ऐकून गृहिणी कपाळास हात लावतील. पूर्वीं तें खरेंच खर्चाचें काम होतें. हल्लीं वर्ग-डी या जातीचे अँप्लिफायर निघाले आहेत; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीपीए३११६ या चिपेवर बांधलेले तळहाताएवढे दोन वाटांचे फलक कांहीं शेंकडा रुपयांत मिळतात. तीन फलक म्हणजे सहा वाटा. ते तापतात थोडे, आणि वैशाखांत पारा चाळिसाच्या वर चढणाऱ्या आमच्या भागांत हा गुण लहान नव्हे. घरगुती ऐकण्यास त्यांची शक्ति पुरून उरते.

आतां धोका. जुन्या रीतींत ट्वीटरच्या वाटेंत कंडेन्सर असतो. अँप्लिफायरनें कांहींहि पाठविलें तरी जाड आवाज तो अडवितो. नव्या रीतींत ट्वीटर थेट अँप्लिफायरला जोडलेला असतो, व त्याचें रक्षण करणारा संगणकांतील कार्यक्रम एवढाच. संगणक सुरू होतांना निघणारा धक्का, वीज जाऊन परत आली तेव्हांचा ठोका, किंवा विंडोजनें रात्रींतून आपली दुरुस्ती करून घेतल्यामुळें बंद पडलेली गाळणी, यांपैकीं कोणतेंहि एक कारण त्या नाजूक वेटोळ्यास जाळण्यास पुरेसें आहे. म्हणून प्रत्येक ट्वीटरच्या वाटेंत २० मायक्रोफॅरडचा चांगल्या प्रतीचा एक कंडेन्सर ठेवावाच. ८ ओहमच्या ट्वीटरशीं तो सुमारें १,००० कंपांच्या खालचें अडवितो. आपला सांधा त्याच्या बराच वर असल्यामुळें गाण्यास तो फारसा बाधत नाहीं, व जो थोडा परिणाम होतो तो मोजमापांत दिसून हिशेबांत घेतां येतो. संगणकास यूपीएस असावा. आणि क्रम पाठ असावा: लावतांना संगणक आधीं, अँप्लिफायर शेवटीं, बंद करतांना अँप्लिफायर आधीं, संगणक शेवटीं.

गाळण्यांची एक जात अशी आहे कीं ती सर्व स्वरांस सारखेंच थांबविते व आलेख अत्यंत देखणा काढते, पण त्यासाठीं ती पुढचे पुष्कळ आंकडे आधीं पाहून घेते. पासष्ट हजार आंकड्यांची अशी गाळणी वापरली तर गाणें सुमारें दोनतृतीयांश सेकंद उशीरा निघतें. रेकॉर्ड ऐकतांना त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्याचे ओंठ आधीं हलतात व शब्द मागाहून येतात. लिंकविट्झ-रिले रीतीची साधी गाळणी असा उशीर लावीत नाहीं. घरासाठीं तीच पुरे.

येथवर यंत्राचें झालें. परंतु एकत्र कुटुंबांत यंत्र चालतें तें विजेवर कमी आणि माणसांवर अधिक. जालना शहरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत तीन भावांचें बिऱ्हाड एकत्र आहे. त्यांच्या पुतण्यानें शिकत असतांनाच अशी मांडणी मोठ्या हौसेनें केली. सहा वाटांचें कार्ड, जुना संगणक, स्वतः रंधा मारलेल्या पेट्या. थोरले बंधु निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षांत जमविलेल्या कॅसेटी पुतण्यानें संगणकांत उतरवून दिल्या, आणि पहांटेच्या भूपाळीपासून रात्रींच्या मैफलीपर्यंत घर त्या आवाजांत नांदूं लागलें. दोन वर्षांनीं मुलास पुण्यास नोकरी लागली. तो गेल्यावर एके दिवशीं वीज गेली, आली, आणि संगणकानें पडद्यावर इंग्रजींत कांहीं प्रश्न विचारला. उत्तर काय द्यावें हें कोणासच ठाऊक नव्हतें. चुकीचें कांहीं दाबलें तर ट्वीटर जळेल, हें मात्र मुलानें सर्वांना इतक्या वेळां बजावून ठेवलें होतें कीं कोणी हातच लावीना. फोनवरून सांगून पाहिलें, तें जमलें नाहीं. पांच आठवडे त्या घरांत गाणें नव्हतें. थोरले बंधु मोबाइल कानाशीं धरून भजन ऐकत बसत. सुटींत मुलगा आला तेव्हां काकूंनीं त्यास दारांतच विचारलें, "काय रे, गाणं ऐकायला आतां परीक्षा द्यावी लागते का?"

त्यानें मग जें केलें तें पहिल्याच दिवशीं करण्यासारखें होतें. टेबलावरचा संगणक काढून त्याच्या जागीं रास्पबेरी पाय हा लहान संगणक बसविला. त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं, आणि प्रश्न विचारण्याची संवय नाहीं. वीज आली कीं तो स्वतः जागा होऊन गाळण्या सुरू करतो. अँप्लिफायरांच्या वाटेंत टायमर-रिले घातला, त्यामुळें ते संगणकानंतर दीड मिनिटानें आपोआप लागतात. भिंतीवर एकच बटण. आवाज लहानमोठा करण्यासाठीं एकच गोल खुंटी, व ती सहाहि वाटांस सारखीच फिरविणारी. सहा निरनिराळ्या खुंट्या ठेवल्या असत्या तर महिन्याभरांत कोणाच्या तरी हातून सांधा मोडला असता. सर्व आंकडे, तारांचे रंग व जोडणीची आकृति एका वहींत मराठींत लिहून ठेवली. आणि मुख्य म्हणजे अकरावींत असलेल्या धाकट्या बहिणीस शेजारीं बसवून सर्व मांडणी एकदां सुटी करून तिच्याच हातून पुन्हां जुळवून घेतली. आज त्या घरचें यंत्र ती सांभाळते, आणि तंबोऱ्याचा सांधा भावापेक्षां तिला अधिक नीट ऐकूं येतो असें तिचे काका म्हणतात.

ज्या घरांत असें शिकणारें व शिकविणारें कोणी नाहीं, त्यांनीं या फंदांत पडूं नये; तयार अँक्टिव्ह स्पीकर घ्यावेत. त्यांत वाटणी करणारी योजना व निरनिराळे अँप्लिफायर कारखान्यांतूनच बसविलेले असतात. फिनलंडमधील जेनेलेक ही कंपनी १९७८ पासून रेडिओ केंद्रांसाठीं असेच स्पीकर करीत आली आहे, व हल्लीं ध्वनिमुद्रणाच्या कामासाठीं विकले जाणारे लहान स्पीकर बहुतेक याच जातीचे असतात. त्यांत घरच्या हाताची गोडी नाहीं, एवढेंच.

वृद्धांच्या सोयीविषयीं एक शब्द. वय वाढलें कीं प्रथम वरच्या कंपांचें ऐकणें मंदावतें. आवाज कळतो पण शब्द कळत नाहींत, ही तक्रार त्यांतूनच येते. संगणकांत दोन निराळ्या मांडण्या सांठवून, एकींत २,००० कंपांच्या वरचा भाग तीनचार डेसिबलांनीं चढवून ठेवतां येतो. दुपारीं आजोबा एकटेच ऐकत असतांना ती लावावी. सायंकाळीं मुलें आलीं कीं मूळची, नाहीं तर त्यांच्या कानांस तें बोंचेल. मात्र ही सोय म्हणजे कानाच्या डॉक्टरकडे जाणें टाळण्याची सबब नव्हे.

ज्यांस प्रत्यक्ष आरंभ करावयाचा आहे त्यांनीं एकदम तीन मुखांच्या मागें न लागतां दोन मुखांच्या जुन्या, साध्या जोडीपासून करावा. पेटीची पाठ उघडून आंतील वेटोळीं-कंडेन्सरांचा फलक सोडवावा, व वूफर आणि ट्वीटर यांच्या तारा निरनिराळ्या बाहेर काढाव्यात. काढलेला फलक टाकून देऊं नये. कोणत्या रंगाची तार कोठें होती याची चिठ्ठी लिहून, फलकासह एका पिशवींत घालून, ती पिशवी त्याच पेटींत कापसाच्या मागें ठेवून द्यावी. उद्यां कोणास जोडी पूर्ववत् करावीशी वाटली तर तासाभराचें काम आहे.